बिनकाठाची चंद्रकळा

चैत्र लागला, टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्या तापायला लागल्या, की दुपारी देवासच्या त्या गल्लीत समुद्र येई.

येई तो उमाबाईंच्या माजघरात. दारं लोटलेली, खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, आणि फटींतून शिरलेल्या उन्हाच्या पट्ट्या सारवलेल्या जमिनीवर हलत असलेल्या. शेजारच्या बायका कुरडयांचा चीक नाहीतर शेवयांचं पीठ घेऊन बसत आणि म्हणत, "हं, उमाबाई, कुठवर आलो होतो आपण?" जसा काही सगळ्यांनी मिळूनच प्रवास केला होता.

तसा तो उमाबाईंनी एकटीनंच केला होता. धारच्या इंदिराबाईसाहेब त्यांच्या आईच्या मावसबहीण. सरदाराघरची विधवा बाई, दम्यानं जेरीस आलेली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा पाहिजे. मुलगा भैयासाहेब तेव्हा इटलीत जिनोआला यंत्रांचं काम शिकत होता. त्यानं कळवलं, मुंबईच्याच समुद्रावर कशाला, माझ्याकडेच या. शहरापासून थोड्या दूर, एका कोळ्यांच्या गावात त्यानं आईसाठी समुद्रावरचं घर भाड्यानं घेतलं. आता एवढ्या लांब स्वयंपाकाला आणि सोबतीला कोण? उमा. उदाजीरावांनी बायकोला जायची परवानगी दिली तेव्हा गल्लीत दोन दिवस कोणी दुसरं बोललं नाही. अक्षयतृतीयेनंतर उमाबाई आगबोटीत बसल्या आणि दसऱ्याच्या आत घरी परत आल्या. त्याला आता सहा महिने होत आले तरी ते घर काही सांगून संपत नव्हतं.

"नळाचं सांग," सावित्रीबाई म्हणायच्या. गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या त्या, आणि त्यांना नळाचंच वेड.

"नळ सकाळ-संध्याकाळ, केव्हाही फिरवा. पाणी हजर."

"आणि भांडणं?"

"कोणाशी भांडणार, काकू? ज्याचा नळ त्याच्या घरात."

सावित्रीबाईंना हे मुळीच रुचत नसे. "मग बायांनी एकमेकींना भेटायचं तरी कुठं?"

न्हाणीघरात तांब्या नव्हता, हे ऐकायला तर बायका दूरदूरच्या गल्ल्यांतून येत. "मग गं?" असं दबल्या आवाजात कोणीतरी विचारी, आणि उमाबाई ठसक्यात सांगत, "मी देवासहून नेला होता!" मग असा हशा उठे की ओसरीवर झोपलेले उदाजीराव कूस बदलत.

पण उमाबाईंच्या मनातलं घर याहून वेगळं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडक्यांना हिरव्या झडपा, फळ्याफळ्यांच्या. दुपारी त्या ओढून घेतल्या की खालच्या पाण्याचा उजेड फटींतून वर येई आणि छतावर नाचे. जमिनीवरून वर जाणारा उजेड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाईसाहेब झोपलेल्या असत, त्यांचा श्वास आता सुरळीत चाललेला, आणि खाली समुद्र आपला एकच शब्द घोळवत बसलेला. उमाबाई छताकडे पाहत आणि त्यांना वाटे, आपण पाण्याच्या तळाशी निजलो आहोत आणि वरून कोणाची तरी होडी चालली आहे. तिथेच त्यांना ओवी सुचली होती. जात्यावर बसणारी बाई ती, हात मोकळे राहिले की ओठ चालत.

*दर्याकाठी घर, खिडक्यांना निळे*
*उघडले डोळे पाण्याकडे*

"निळं म्हणजे किती निळं?" हा प्रश्न सीतेचा.

सीता त्यांची धाकटी जाऊ. बायका बसत त्या घोळक्यात ती नसे. कोठीच्या दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर, काहीतरी निवडत बसे. उदाजीरावांचा धाकटा भाऊ खंडोजी विषमज्वरानं गेला तेव्हा लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती. तेव्हापासून पांढरं लुगडं, मोकळं कपाळ आणि खालचा आवाज.

निळं किती, ते उमाबाईंनी तिला एकदा धुण्याच्या दगडाशी दाखवलं. सीतेच्याच लुगड्यासाठी घंगाळात नीळ कालवली होती. उमाबाईंनी पाण्यात बोट फिरवलं. "हे बघ. सकाळचा समुद्र." आणखी चिमूटभर टाकली. "हा दुपारचा." मग पुडी उपडीच केली. "आणि हा संध्याकाळचा, दिवा लावायच्या आधीचा."

"अगंबाई, जाऊबाई, आता माझं लुगडं!"

लुगडं त्या दिवशी वाळलं ते फिकट आभाळासारखं. माई, म्हणजे दोघींच्या सासूबाई, कोठीतून पाहून म्हणाल्या, "काय गं हे, रंग दिलास का?" सीता दुसऱ्या दिवशी ते लुगडं नेसून असं काही चालत होती, जणू पायाखाली वाळू आहे.

सीतेला त्या घरातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असे. "ओटीचं सांगा ना."

घराची मालकीण खालच्या मजल्यावर राहायची. भैयासाहेबांनी पहिल्या दिवशी ओळख करून देताना 'सिन्योरा' म्हटलं, उमाबाईंनी तेच नाव धरलं. सिनोराबाई. वय असेल पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, सरळ, आणि नेसायला कायम काळं. रोज काळं! उमाबाईंना पहिल्याच दिवशी ती आवडली. आपल्याकडे काळी चंद्रकळा नव्या नवरीला, तीही संक्रांतीला. हिच्या घरी रोजच संक्रांत! केवढी हौस! काठ तेवढा नव्हता कशालाच. हौस आहे पण पैसा बेताचा, असं उमाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. संध्याकाळी सिनोराबाई दाराशी दोन खुर्च्या मांडी, एकीवर स्वतः बसे, दुसरी रिकामी, आणि पाण्याकडे पाहत राही. नवरा जहाजावर असणार. आज येईल, उद्या येईल.

*काळी चंद्रकळा, पदर ना काठ*
*सखी पाहे वाट कोणाची गं*

एकमेकींची भाषा येत नव्हती. पण ती मासे आणायची तेव्हा उमाबाई नाक मुरडायच्या, उमाबाई फोडणी द्यायच्या तेव्हा ती शिंकायची, आणि दोघी हसायच्या. एकदा तिनं उमाबाईंना पोळी लाटताना पाहिलं आणि लाटणं हातातून काढून घेऊन स्वतःच लाटायला बसली. पोळी इटलीच्या नकाशासारखी झाली. तीही बाईसाहेबांनी आवडीनं खाल्ली.

निघायच्या दिवशी बाईसाहेब आणि भैयासाहेब खाली मोटारीत बसले होते. उमाबाई किल्ली द्यायला म्हणून गेल्या आणि त्यांना राहवेना. सवाष्णीच्या घरात इतके दिवस राहिलो, तिला तशीच रिकामी सोडून जायचं? मुंबईहून नेलेल्या नारळांतला शेवटचा एक उरला होता. महेश्वरी खण होता. त्यांनी खुणेनं सिनोराबाईला पुढचा काळा एप्रन पसरायला लावला. तांदूळ घातले, खण, नारळ, अंगणातलंच एक लिंबू. मग करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन तिच्या कपाळाला टेकवलं.

"आणि मग?" सीता विचारी, पाठ असूनही.

"मग ती तशीच उभी. नंतर तिनं स्वतःचं बोट कपाळाला लावलं, तेच बोट छातीला, मग या खांद्याला, मग त्या. काळ्या कापडावर कुंकवाचे ठिपके. त्यांच्याकडे कुंकू असंच घेत असतील. आणि रडायला लागली गं, घळाघळा."

"दुःखानं?"

"छे! आम्ही निघालो म्हणून. माया लागली होती."

सीता मान हलवी आणि सुपात पाहत राही. कितीतरी वेळ मग तांदळातले खडे तिथेच असत.

ही गोष्ट सांगून उठताना उमाबाईंना अलीकडे कसंतरी व्हायचं. परमुलखातल्या बाईची ओटी भरून आलो, आणि घरातली ही पोर दाराच्या पलीकडे. चैत्रगौरीचं हळदीकुंकू जवळ आलं तेव्हा त्यांनी माईंकडे विषय काढला. "यंदा सीतेला बाहेर बसवू का? कुंकू नको लावायला. नुसती बसेल, डाळ देईल हातात."

माई स्वतः मामंजी गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी कोठीतच बसत. जपमाळ थांबवून त्या म्हणाल्या, "तू इटली पाहून आलीस, गाव नाही आलं. सावित्रीच्या तोंडावर हात कोण ठेवणार? आणि मी बसतेच की नाही इथं? मला काय झालं?"

विषय तिथंच संपला. पण उमाबाईंच्या मनातून तो जाईना.

हळदीकुंकवाच्या दिवशी सीता सकाळपासून राबत होती. कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, पन्ह्यात वेलदोडा घातला, गौरीपुढे आरास केली. गौरीला निळ्या कागदाची लाटही तिनंच केली, दुमडून दुमडून. मग दिवस कलताना पहिली पाहुणी पायरी चढली आणि सीता हात पुसून कोठीत गेली. दार अर्धं लोटलं गेलं.

माजघर भरलं. अत्तर, डाळीची फोडणी, बायकांची कुजबुज. तेवढ्यात ओसरीपुढे टांगा थांबल्याचा आवाज, आणि टांगेवाल्याचं "भिया, यही घर है नी?"

आले होते भैयासाहेब. शिक्षण संपवून संक्रांतीलाच धारला परतले होते. सोनकच्छला काम होतं, वाटेत उतरले. उदाजीराव घरी नव्हते. बायकांच्या समारंभात पाऊल टाकलं हे पाहून ते बिचारे ओशाळून ओसरीवरच टेकले. सीतेनं भरलेला पन्ह्याचा पेला उमाबाईंनी बाहेर नेऊन दिला.

"उमाताई, पाच मिनिटांचं काम आहे. इंदूरचे एक डॉक्टर बायकोला घेऊन तिकडे जायचं म्हणताहेत, आपलं तेच घर घ्यावं का म्हणून विचारतात. आईसाहेब म्हणाल्या, मी तर नुसती झोपले होते, घर उमाला ठाऊक. तेव्हा बोला, कसं आहे घर?"

आतून सावित्रीबाई ओरडल्या, "नळाचं सांग गं!"

सगळ्या हसल्या. उमाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, एक पाय ओसरीवर, एक माजघरात. "घर चांगलं आहे. जिने फार, गुडघे दुखत असतील तर नको म्हणावं. गाद्या मऊ, पहिले दोन दिवस बुडाल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघर माझ्या देव्हाऱ्याएवढं. पण खिडकी उघडली की सगळं माफ. आणि सिनोराबाई लाख माणूस."

"कोण बाई?"

"सिनोराबाई. मालकीण."

भैयासाहेबांना पन्ह्याचा ठसका लागला. "अहो ताई, सिन्योरा म्हणजेच बाई! इतके दिवस तुम्ही तिला बाईबाई म्हणत होता?"

माजघरात हशाची लाट फुटली. भैयासाहेबांना आता जोर आला. "तिचंही तसंच. पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारते, तुमच्या मातोश्री रोज पांढरं का घालतात? लग्न आहे का त्यांचं? तिकडे नवरी पांढरं नेसते ना!"

"अगंबाई! बाईसाहेब नवरी!" सावित्रीबाईंनी डोळे पुसले.

"मग मी समजावलं की आमच्याकडे विधवा पांढरं नेसतात. तशी म्हणते, अस्सं, आमच्याकडे काळं. तिचा नवरा लढाईत जहाजासकट बुडाला, तेव्हापासून ती काळ्यातच आहे बिचारी."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्या रांगेत चाललंच होतं, पुढच्या रांगेत विझलं. एकेकीला आठवू लागलं. ओटीची गोष्ट गल्लीत कोणाला ठाऊक नव्हती?

"उमा," सावित्रीबाई सावकाश म्हणाल्या, "तू विधवेला कुंकू लावलंस?"

उमाबाईंनी हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं. दाराशी मांडलेल्या दोन खुर्च्या त्यांना दिसल्या. रिकामी खुर्ची कोणाची वाट पाहत नव्हती. ती फक्त मांडलेली होती. आणि कुंकवाचं ते बोट, कपाळाला, छातीला, या खांद्याला, त्या खांद्याला. आपण निघालो म्हणून रडली नव्हती ती.

भैयासाहेबांना काही कळेना. "काय झालं? काय बोललो मी?"

"काही नाही," उमाबाई म्हणाल्या. "आलेच." आणि करंडा हातात तसाच घेऊन त्या कोठीत गेल्या.

कोठीत अंधूक होतं. धान्याच्या कणगीशी सीता उभी होती, खाटेवर माई. दोघींनी सगळं ऐकलं होतं. आता माईंचा आवाज चढणार म्हणून उमाबाईंनी मान खाली घातली.

"ती रडली म्हणालीस," माई म्हणाल्या.

"हो."

"बोट झटकलं नाही तुझं?"

"नाही, माई. उलट जपून ठेवल्यासारखं केलं."

माईंनी जपमाळ खाली ठेवली. बाहेर कोणीतरी वाटीवर चमचा वाजवत होतं. मग त्या कोणाशीच न बोलल्यासारखं बोलल्या, "इतक्या वर्षांत माझ्या कपाळाला कोणाचं बोट चुकूनसुद्धा लागलं नाही गं."

त्यांनी कनवटीची किल्ली सोडली आणि उमाबाईंपुढे धरली. "ट्रंकेत खाली आहे. सीतेची. एकदाच नेसली होती. काळा रंग तिला खुलतो."

सीता बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा कोणी ओळखलंच नाही. वाटलं, कोणाची तरी नवी सून आली. चंद्रकळेला घडीच्या रेघा पडल्या होत्या, कापराचा वास होता, आणि त्यावर खडीचे बारीक ठिपके लुकलुकत होते. नाकासमोर पाहत ती गौरीपुढे येऊन उभी राहिली.

"सीते!" सावित्रीबाई कडाडल्या. "हे काय नेसलीस?"

सीतेनं स्वतःकडे खाली पाहिलं, जणू आत्ताच कळलं. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही. "इटलीच्या विधवा हेच नेसतात, सावित्रीकाकू. भैयासाहेबांनी आत्ताच नाही का सांगितलं?"

ओसरीवर भैयासाहेब फस्सकन हसले आणि घाईनं खोकले. एका तरुण सुनेनं पदर तोंडात कोंबला.

"तिकडचं तिकडे!" सावित्रीबाई म्हणाल्या.

"पदर पसर," उमाबाई सीतेला म्हणाल्या. भिजवलेले हरभरे त्यांनी ओंजळीनं घातले, केळं घातलं, नारळ घातला. मग करंड्यात बोट बुडवलं, आणि तिथं मात्र त्यांचा हात हवेतच अडला. परमुलखात चुकून केलेलं इथे उमजून करायचं होतं. सगळ्या पाहत होत्या. बोटावरचं कुंकू थोडं खाली सांडलं.

सीतेनंच कपाळ पुढे केलं. वाकून, अलगद, त्या बोटाला टेकवलं.

सावित्रीबाई उठल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. जाताना डाळीची वाटी मात्र पदराखाली घेऊन गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. मग ती तोंडात पदर कोंबलेली सून हळूच म्हणाली, "सीताबाई, मला थोडं पन्हं," आणि सीता भांडं घेऊन वाकली. पन्हं ओतता ओतता ती ओठांत गुणगुणत होती, जाऊबाईंचीच ओवी, पण शेवट तिनं आपला केला होता.

*काळी चंद्रकळा, पदर ना काठ*
*आता नाही वाट कोणाचीच*

उमाबाई किल्ली परत द्यायला आत गेल्या. अंधारात माई खाटेच्या कडेला पुढे सरकून बसल्या होत्या, दाराच्या फटीतून बाहेर पाहत. किल्ली त्यांच्या कनवटीला लावायला उमाबाई वाकल्या, माईंनी मान वर केली, आणि कुंकवानं माखलेलं बोट त्यांच्या कपाळाला घासून गेलं.

"चुकलं, माई," उमाबाई म्हणाल्या. पदर पुसायला वर गेला होता, माईंनी मनगट धरलं.

"चुकू दे," त्या म्हणाल्या.

बाहेरून भैयासाहेबांची हाक आली. टांगेवाला घाई करत होता. "उमाताई, निघतो मी. मग डॉक्टरांना नक्की काय सांगू? घ्यावं घर?"

उमाबाई दारात आल्या. ऊन उतरलं होतं. टेकडीच्या मागे आभाळ घंगाळातल्या तिसऱ्या निळीसारखं झालं होतं, दिवा लावायच्या आधीचं.

"घ्यावं म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरीणबाईंना सांगा, नारळ इथूनच न्यावा. तिकडे मिळत नाही."